विषय कोणते लिहू?

अकरावीच्या ऑनलाइन यादीत नाव लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळी ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिससमोर रांग लागते. धडगावकडून पहाटेच्या एस.टी.ने उतरलेले वडील. हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, आधार कार्डाच्या तीन झेरॉक्स. शेजारी मुलगी. क्लार्क मान वर न करता विचारतो, "आर्ट्स ना? विषय कोणते लिहू?" मुलगी वडिलांकडे बघते, वडील क्लार्ककडे बघतात. क्लार्क मागच्या रांगेवर नजर टाकतो आणि म्हणतो, "सगळे घेतात तेच लिहितो." अर्जावरचे रकाने भरले जातात. दोन वर्षांचा अभ्यास ठरायला एक मिनिटही लागत नाही.

मी नंदुरबार जिल्ह्यात इंग्रजी शिकवतो आणि प्रवेशाच्या दिवसांत माझी ड्यूटी या खिडकीच्या आतल्या बाजूला असते. "सगळे घेतात तेच" हे वाक्य मीही बऱ्याचदा उच्चारलं आहे, कबूल करतो. रांग लांब असते, बाहेर पाऊस असतो, लोकांची परतीची गाडी तीनला असते. पण वर्ग सुरू झाले की त्या मिनिटाची किंमत दिसायला लागते. नकाशा उघडला की हरखून जाणारी मुलगी भूगोल नसलेल्या गटात बसलेली असते, आणि टक्केवारी काढायला घाबरणारा मुलगा अर्थशास्त्रात निर्देशांक काढत असतो. म्हणून हे लिहितो आहे. दहावी झालेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी हे खिडकीपाशी पोचायच्या निदान पंधरा दिवस आधी वाचावं.

दहावीपर्यंत निवडायला फारसं काही नसतं. इतिहास-राज्यशास्त्राचे ४०, भूगोलाचे ४०, अंतर्गत २०, हे सगळ्यांना सारखंच. निवड सुरू होते अकरावीला. कला शाखेत इंग्रजी सक्तीची. जोडीला दुसरी भाषा, बहुतेक ठिकाणी मराठी किंवा हिंदी. मग चार वैकल्पिक विषय. पर्यावरण शिक्षण आणि शारीरिक शिक्षण आहेच, ते कोणाला चुकत नाही. म्हणजे खरी निवड पाच ठिकाणी आहे: एक भाषा आणि चार विषय. इंग्रजीत तर निवडच नाही, असं कोणी म्हणेल. माझ्या मते सगळ्यात मोठी निवड तिथेच आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

"सर, माले इंग्रजी जमस नही." शहाद्याकडचा मुलगा पहिल्याच आठवड्यात हे सरळ अहिराणीत सांगून मोकळा होतो. अक्राणीतला पावरा मुलगा सांगतही नाही, मागच्या बाकावर जाऊन बसतो. आता त्याच्या भाषांचा हिशेब मांडून बघा. घरात पावरी, खालच्या बाजारात अहिराणी, शाळेत मराठी, मोबाइलवर हिंदी, आणि घरचे ऊसतोडीला जात असतील तर कानावरून गेलेली गुजराती. इंग्रजी ही त्याची पाचवी-सहावी भाषा. चार भाषांत भाव करणाऱ्या, भांडणाऱ्या आणि हसणाऱ्या मुलाला पाचवी जमणारच नाही, हे मला कधी पटलं नाही. त्याला जमत नाही ती गाइडमधली इंग्रजी, आणि ती न जमण्यात त्याचा दोष नाही.

बारावीच्या इंग्रजीला लेखी ८० आणि तोंडी २० गुण असतात. लेखीतले ३४ गद्याला, १४ कवितेला, १६ लेखनकौशल्याला आणि १६ कादंबरीला. आमच्याकडची रूढ पद्धत अशी: कादंबरी ऑप्शनला टाकायची, कवितेच्या रसग्रहणाचा एक साचा पाठ करायचा, ईमेल आणि अहवालाचे दोन-दोन नमुने घोकायचे, तोंडीचे गुण गृहीत धरायचे आणि ३५ चा काठ गाठायचा. काठ गाठला जातो, बारावीही होते. पण ही "पास होण्यापुरती इंग्रजी" तुम्ही निवडलेली असते, कोणी लादलेली नसते. दुसरी निवड आहे "वापरण्यापुरती इंग्रजी". वर्ग तोच, पुस्तक तेच, शिक्षकही तेच. फरक कुठे पडतो, ते भरतीच्या जाहिराती वाचल्या की कळतं.

तलाठी भरतीचंच बघा. २०२३च्या परीक्षेत १०० प्रश्न होते: मराठीचे २५, इंग्रजीचे २५, सामान्य ज्ञानाचे २५ आणि बुद्धिमापन-अंकगणिताचे २५. इंग्रजीवर पाणी सोडणारा उमेदवार पेपर सुरू व्हायच्या आधीच पाव भागाने मागे. राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा पेपर असतो. आमच्या मुलींचा मोठा ओढा नर्सिंगकडे आहे आणि विज्ञान नाही म्हणून त्या आशाच सोडून देतात. जी.एन.एम. या नर्सिंगच्या पदविकेला कला शाखेची बारावीही चालते, पण इंग्रजी विषय आणि किमान ४० टक्के गुण लागतात. म्हणजे तिथेही इंग्रजी आडवी येतेच. पोलीस शिपाई भरतीच्या लेखी परीक्षेत इंग्रजी नसते, हेही सांगून ठेवतो, नाहीतर मी घाबरवतोय असं वाटायचं.

वापरण्यापुरती इंग्रजी निवडायची तर दोनच गोष्टी सांगेन. पहिली, ज्याला ऑप्शनला टाकता तेच आधी वाचा. बारावीत "टू सर, विथ लव्ह"चा भाग आहे. ब्रिटिश गयानातून आलेला एक काळा माणूस लंडनच्या ईस्ट एंडमध्ये मास्तर होतो, आणि वर्गातली उनाड पोरं त्याला जुमानत नाहीत. आश्रमशाळेत नव्या सरांचं पहिल्या महिन्यात काय होतं ते ज्याने बघितलंय, त्याला हा धडा समजावून सांगावा लागत नाही. अकरावीत इब्सेनच्या "ॲन एनिमी ऑफ द पीपल"चा भाग आहे. गावाचं उत्पन्न ज्या स्नानगृहांवर चालतं त्यांचंच पाणी दूषित आहे, असं एक डॉक्टर सांगतो आणि अख्खं गाव त्याच्यावर उलटतं. नाटक नॉर्वेतलं असलं तरी भांडण कुठल्याही ग्रामसभेत शोभेल असं आहे. आधी मराठीत गोष्ट सांगून घ्या, मग इंग्रजी उतारा वाचा. अर्धे अडलेले शब्द आपोआप सुटतात.

दुसरी गोष्ट, रोज पाच वाक्यं स्वतःच्या घरची लिहा. आधी बोलीत, मग मराठीत, मग इंग्रजीत. एका मुलाने माझ्या वहीत लिहून दिलं होतं: "माय फादर गो टू गुजरात आफ्टर दिवाली अँड कम बिफोर होली." मी "गो"खाली रेघ मारली आणि काही बोललो नाही. त्याने पाच मिनिटं विचार केला, "गोज" केलं, मग स्वतःच "कम"चं "कम्स" केलं. दरवर्षी घडणारी गोष्ट इंग्रजीत कशी सांगतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. "राम गोज टू स्कूल" पाचवीपासून लिहीत आला होता. पण राम त्याचा कोणी नव्हता, वडील होते.

दुसऱ्या भाषेबद्दल थोडक्यात. "हिंदीला मार्क पडतात" अशी हवा दरवर्षी असते. पडतही असतील. तरी माझं मत मराठीच्या बाजूने आहे. तलाठी असो, पोलीस असो, शिक्षक पात्रता परीक्षा असो, मराठीचा भाग कुठेच टळत नाही, आणि पावरी, भिली, मावची, कोकणी घरातल्या मुलाला प्रमाण मराठीचा सराव दोन वर्षं आणखी मिळाला तर हवाच आहे. शहरातल्या काही कॉलेजांत भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येतं. लॅबमधले संगणक चालू आहेत हे स्वतः बघितल्याशिवाय त्या फंदात पडू नका.

आता सामाजिक शास्त्रं. इथे मुलं विषयाचं नाव ऐकून निवडतात. नाव आणि आतला मजकूर यांचा मेळ असतोच असं नाही. म्हणून माझी पहिली अट: निवडण्याआधी पुस्तक उघडा. अकरावी-बारावीची सगळी पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवता येतात. घरात रेंज नसेल तर तालुक्याला आल्यावर उतरवा, किंवा शेजारच्या बारावीवाल्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणा. प्रत्येक विषयाचं बारावीचं पुस्तक घ्यायचं, अनुक्रमणिका वाचायची आणि मधलं एक प्रकरण पूर्ण वाचायचं. ज्या पुस्तकावर झोप लागली नाही त्याच्या नावापुढे टिंब. चार संध्याकाळींचं काम आहे.

हे केलं तर सगळ्यात आधी इतिहासाबद्दलचा गैरसमज फिटतो. आमच्याकडे इतिहास सर्वाधिक घेतला जातो तो "पाठांतराचा विषय" म्हणून, आणि शिवाजी महाराज असतील या भरवशावर. बारावीचा इतिहास सुरू होतो युरोपातल्या प्रबोधनापासून. पुढे वसाहतवाद, महायुद्धं, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध. अकरावीला प्राचीन आणि मध्ययुगीन भारत. विषय उत्तम आहे, पण सोपा नाही, आणि घोकून तर मुळीच जात नाही. ज्याला "हे असं का झालं" विचारायची खोड आहे, त्याने जरूर घ्यावा. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारमध्ये पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची मुलं तिरंगा घेऊन निघाली आणि गोळीबारात गेली. हे आपल्याकडे प्रत्येकाला पाठ आहे. पण त्याच महिन्यांत जगात कोणतं युद्ध चाललं होतं आणि सरकार मुलांच्या मिरवणुकीला इतकं का घाबरलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर इतिहास तुमचा विषय आहे. नुसती तारीख पाठ असेल तर पुढचं पुस्तक उघडा.

ते पुढचं पुस्तक म्हणजे भूगोल. माझा पक्षपात आताच सांगून टाकतो. नंदुरबारच्या मुलाने इतर काहीही सोडावं, भूगोल सोडू नये. बारावीत लोकसंख्या, मानवी वस्ती आणि भूमी उपयोजन, प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक व्यवसाय, प्रादेशिक विकास अशी प्रकरणं आहेत. आता आपला जिल्हा नजरेसमोर आणा. उत्तरेला नर्मदा, तिच्या दक्षिणेला सातपुडा, तोरणमाळचं पठार, अस्तंभ्याचं शिखर, मग उतार, मग तापीचं काळं रान, आणि पश्चिमेला नवापूरकडे गुजरातची हद्द. ती हद्द नवापूर स्टेशनच्या फलाटावरून जाते. वस्तीच्या प्रकरणात "विखुरलेली वस्ती" आणि "केंद्रित वस्ती" असे प्रकार येतात, त्यांची चित्रंही असतात. अक्राणीतला पाडा, जिथे एका घरून दुसऱ्या घरी जायला ओहोळ ओलांडावा लागतो, हा पहिला प्रकार. प्रकाशा किंवा सारंगखेड्यासारखं तापीकाठचं दाट गाव हा दुसरा. धडगावची मुलगी दोन्ही एका एस.टी.च्या खिडकीतून बघते. मुंबईच्या मुलाला यासाठी सहल काढावी लागते.

लोकसंख्येचंही तसंच. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजार होती. त्यात जवळपास ६९ टक्के अनुसूचित जमाती, आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के. स्थलांतर हा शब्द पुस्तकात येतो तेव्हा आमच्या वर्गात पाच-सहा जण खिडकीबाहेर बघायला लागतात. त्यांचे आईवडील तेव्हा गुजरातेत फडावर असतात. भूगोलात २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. नकाशे, आलेख, आकडेवारी. हाताने काम करायची आवड असणाऱ्याला ते गुण मिळवणं जड जात नाही. मात्र भूगोलाला नकाशांची कपाटं आणि प्रात्यक्षिक घेणारे शिक्षक लागतात. ते आहेत का, हे विचारायचं विसरू नका.

राज्यशास्त्र हा नावामुळे मार खाल्लेला विषय. "ते पुढाऱ्यांचं" म्हणून पालक नाक मुरडतात. अकरावीला राज्यसंस्था, स्वातंत्र्य आणि हक्क, समता, संविधानिक शासन, प्रतिनिधित्व, न्यायमंडळ. बारावीला १९९१नंतरचं जग, जागतिकीकरण, राष्ट्रीय एकात्मता, सुशासन. या पुस्तकांना पाय फुटतात ते आपल्याच जिल्ह्यात. नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे पूर्ण तालुके आणि नंदुरबार-शहाद्याची काही गावं संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतात. तिथे १९९६चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ला केले. २००६चा वनहक्क कायदा तर घराघरात पोचला आहे, निदान दाव्याच्या कागदाच्या रूपाने.

एकदा सुट्टीत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पाड्यावर गेलो होतो. त्याच्या काकांनी पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेलं पत्र काढलं. उपविभागीय स्तरावर वनहक्काचा दावा अमान्य, कारण पुरावा अपुरा. पत्राला दीड महिना झाला होता, घरात सगळे गप्प. मुलगा तेव्हा बारावी कलेला होता, राज्यशास्त्र घेतलेला. त्याने पत्र दोनदा वाचलं, बोट तारखेवर ठेवलं आणि म्हणाला, "काका, साठ दिवस असतात. अजून पंधरा आहेत." जिल्हास्तरीय समितीकडे दाद मागायला कायद्याने साठ दिवस मिळतात, हे त्याला ठाऊक होतं. दाव्याचं पुढे काय व्हायचं ते होवो. पण त्या अंगणात तारीख बघायचं सुचलं ते फक्त त्यालाच. राज्यशास्त्र कशाला घ्यायचं असं कोणी विचारलं की मला ते बोट आठवतं.

समाजशास्त्र "गप्पांचा विषय" म्हणून बदनाम आहे. त्यामुळे त्यात दोन टोकांची मुलं येतात: अभ्यास नको असलेली आणि खरंच माणसांत रस असलेली. बारावीच्या पुस्तकात आदिवासी, ग्रामीण आणि नागरी समुदाय असं एक प्रकरण आहे, सामाजिक चळवळींचं दुसरं. या दोन प्रकरणांच्या जागी आपला जिल्हा ठेवला तर पुस्तक अपुरं पडतं. शहाद्यात अंबरसिंग महाराजांनी भूमिहीन भिल्लांना उभं केलं, १९७२ला तिथेच श्रमिक संघटना निघाली, आणि ती "शहादा चळवळ" म्हणून देशाबाहेरच्या अभ्यासकांनीही नोंदवली. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं गेली, ती सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली. त्या गावांतल्या काही कुटुंबांची मुलं आज तळोदा-शहाद्याच्या पुनर्वसन वसाहतींत राहतात आणि आमच्या वर्गात बसतात. भिली आणि मराठीत लिहिणारे वाहरू सोनवणे इथलेच. समाजशास्त्र घेणाऱ्याला माझी एकच सूचना असते: आदिवासी समाजाचं प्रकरण वाचताना हातात पेन्सिल ठेवा, आणि जिथे "आमच्याकडे असं नाही" वाटेल तिथे खूण करा. वर्षाअखेरीला त्या खुणांवरून प्रकल्प तयार होतो, आणि तो नेटवरून उतरवलेला नसतो.

अर्थशास्त्राचं वेगळं आहे. मागणी-पुरवठा, लवचीकता, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, परकीय व्यापार. यात आकडेमोड आहे, आलेख आहेत. दहावीला गणितात जेमतेम निघाला असाल तर निर्देशांकाचं प्रकरण आधी उघडून बघा. दोन उदाहरणं सुटली तर भिऊ नका. नंदुरबारच्या मिरचीच्या बाजारात आवक वाढली की भाव कसा बसतो, हे ज्याने बापाच्या चेहऱ्यावर वाचलंय, त्याला पुरवठ्याचा आलेख उमजायला वेळ लागत नाही. बँक, सहकार, स्पर्धा परीक्षा यांकडे जायचं असेल तर हा विषय टाळू नये. मानसशास्त्र, तर्कशास्त्र वगैरे इतर विषय जिथे नीट शिकवले जातात तिथेच घ्यावेत, आणि आपल्या जिल्ह्यात अशी ठिकाणं बोटावर मोजण्याइतकी.

मग चार कोणते? मला विचारलंत तर भूगोल आणि राज्यशास्त्र पक्के. तिसरा अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र, आकड्यांशी तुमचं किती जमतं त्यावर. चौथ्या जागी इतिहास, किंवा तिसऱ्या जागी न घेतलेला विषय. ही दगडावरची रेघ नाही. शिक्षक व्हायचं असेल तर हे ध्यानात ठेवा: सहावी ते आठवीसाठीच्या शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं यांना असतात. कला शाखेच्या मुलाला दुसरा पर्याय, आणि त्यात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र सगळं येतं. अकरावीत भूगोल सोडलेली मुलं तिथे नकाशावर अडखळतात. राज्यसेवेच्या पूर्व परीक्षेच्या सामान्य अध्ययनातही इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था, अर्थव्यवस्था ही चौकट आहे. आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात बी.ए.ला जायचं तर आता मुख्य आणि जोड विषयांची नवी रचना आली आहे. त्यासाठी बारावीचा विषय आणि पुढचा विषय एकच असावा अशी सक्ती सहसा नसते. तेव्हा चुकीचा विषय पडला म्हणजे आयुष्य गेलं असंही नाही. पण दोन वर्षं तर गेलीच ना.

आता खिडकीपाशी जाण्याआधीची पायपीट. २०२५-२६पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. अर्जाच्या पहिल्या भागात तुमची माहिती, दुसऱ्या भागात कॉलेजांची पसंती, एक ते दहापर्यंत. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांचा रस्ता बंद होतो. म्हणून विषयांची चौकशी अर्ज भरण्याआधी करायची, नंतर नाही. सायबर कॅफेवाल्याला "दादा, तूच भर काहीतरी" म्हणून मोकळं होऊ नका. बिचारा नेहमीचीच कॉलेजं टाकून देतो.

कॉलेजात गेल्यावर "कोणते विषय आहेत" एवढंच विचारलं तर पूर्ण यादी वाचून दाखवतात. खरा प्रश्न पुढचा: या विषयाला सध्या शिक्षक आहेत का, पूर्णवेळ की तासिका तत्त्वावर? तासिका तत्त्वावरचे शिक्षक वाईट नसतात, माझे कितीतरी विद्यार्थी आज तसे काम करतात. पण त्यांची नेमणूक कधीकधी दिवाळीच्या तोंडावर होते आणि मुलांचं पहिलं सत्र शिक्षकाविना जातं. गेल्या वर्षी बारावीला बसलेल्या एखाद्या मुलाला गेटवर गाठा आणि विचारा, भूगोलाचे प्रॅक्टिकल खरोखर झाले का? तो खरं सांगतो. कोणते विषय एकाच तासाला येतात हेही विचारा. कागदावर घेता येणारी जोडी वेळापत्रकात घेता येत नाही, असं बऱ्याचदा होतं.

अंतराचा विचार करा. पावसाळ्यात घाटात दरड आली की दोन-दोन दिवस गाडी नसते. चांगला विषय असलेलं कॉलेज चाळीस किलोमीटरवर असेल आणि राहायची सोय नसेल, तर मुलगी ऑगस्टमध्येच घरी बसते. आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहासाठी नंदुरबार किंवा तळोदा प्रकल्प कार्यालयात वेळेत अर्ज करा. वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना आहे, पण ती बारावीनंतरच्या शिक्षणासाठी. तिच्या अटी कार्यालयाच्या फलकावर उभं राहून वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. ही धावपळ विषय निवडण्याइतकीच महत्त्वाची आहे, कारण हजेरीच नसेल तर विषय कुठला आहे याला अर्थ उरत नाही.

आणि तरीही चुकलं तर? पहिले काही आठवडे बदलाला वाव असतो. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज, कारण एका वाक्यात. नेमकी मुदत ऑफिसात विचारा. दरवर्षी सप्टेंबरात कोणीतरी माझ्याकडे रडत येतं, तेव्हा मला काहीच करता येत नाही. जुलैत आलं तर खूप करता येतं. बारावीला बदल जवळपास अशक्य, कारण बोर्डाकडे नोंद झालेली असते.

शेवटचं सांगणं वडीलधाऱ्यांना. कागदपत्रांची पिशवी तुम्ही धरा, पैसे तुम्ही भरा, रांगेतही तुम्हीच उभे राहा. पण खिडकीशी नंबर आला की एक पाऊल मागे या आणि मुलीला पुढे करा. "विषय कोणते लिहू?" या प्रश्नाचं उत्तर तिला देऊ द्या. ती पाच नावं सलग बोलली की क्लार्क मान वर करून बघतो. आमच्या बाजूने ते रोज दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.